नाईकांचे दोन बिल्ले

१

ते दोन बिल्ले हाती आले असते, तर अवधूत नाईकला त्यातून एक आख्खे आजोबा मिळणार होते. बेचाळीस साली आफ्रिकेच्या वाळूत 'बेपत्ता' झालेले आजोबा, ज्यांचा नखभर पुरावाही घरात नव्हता. ज्ञानदाला तिच्या प्रबंधासाठी एक झकास तळटीप मिळाली असती. यशला, म्हणजे बिल्ल्यांच्या मालकाच्याच मुलाला, काहीच मिळालं नसतं. आज ना उद्या ते त्याच्याकडेच यायचे होते. आणि खुद्द मालकांच्या, पुरुषोत्तम जगदाळ्यांच्या वाट्याला या चोरीतून फक्त दुःख येणार होतं.

बिल्ले गेल्याचं कळल्यावर पहिल्या दोन मिनिटांत सुहासिनीबाईंनी मनाशी केलेली ही मांडणी. त्यात एक रकाना साफ चुकला होता.

सुहासिनीबाई बेळगावच्या. पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसात बत्तीस वर्षं काढलेल्या. शिपाई भरती झाल्यापासून तो पेन्शनीत जाईपर्यंतचं, किंवा परत न येईपर्यंतचं, सगळं आयुष्य एका कागदाच्या दोन बाजूंत बसतं हे त्यांनी रोज पाहिलं होतं. त्यामुळे माणूस समोर आला की त्याचा कागद मनात आपोआप भरायला लागायचा. अमेरिकेत चँडलरला त्या लेकीकडे, संध्याकडे, चार महिन्यांसाठी आल्या होत्या. दोन महिन्यांत निम्म्या मराठी मंडळाचे कागद भरून तयार होते.

तो २००६च्या नोव्हेंबरातला शनिवार. मंडळाची दिवाळी एका शाळेच्या कॅफेटेरियात, आणि शेजारच्या संगीताच्या वर्गात 'ट्रंकेतलं' नावाचं प्रदर्शन: देश सोडताना ज्याने जे उचलून आणलं ते. कुणाचा पितळी स्टोव्ह, पिनेसकट. कुणाचं रेशनकार्ड, साखरेचे चार आठवडे अजून घ्यायचे राहिलेले. कुणाच्या आईच्या खलबत्त्यातला नुसता बत्ता, कारण खल विमानाच्या वजनात बसला नव्हता. लोक एकेका टेबलापाशी थबकत, हसत, आणि हसता हसता नाक पुसत पुढे सरकत.

सगळ्यांत मोठी गर्दी जगदाळ्यांच्या फ्रेमपुढे. डावीकडे फोटो: शिपाई एकनाथ जगदाळे, मराठा पलटण, मिसरूड नुकतं फुटलेलं. उजवीकडे एक पिवळी पडलेली चिठ्ठी, आणि तिला टाचणीने टोचलेले कॉलरवरचे दोन काळे कापडी बिल्ले. दोन्हींवर मधोमध एकेक चंदेरी चांदणी. चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहिलेलं:

'हे दोन बिल्ले नाईकांचे आहेत. त्यांच्या मुलीस पोचते करावे. माझ्याने झाले नाही. एकनाथ.'

खाली ज्ञानदाने केलेली इंग्रजी पाटी. एकनाथ जगदाळे, तोब्रुकला कैद, पुढे जर्मनीत नेताजींच्या फौजेत दाखल; बिल्ले त्यांचे सहकारी मिस्टर नाईक यांचे.

साडेबाराला सगळे पुरीभाजीच्या रांगेत गेले. दीडला परतले तेव्हा फोटो जागेवर, चिठ्ठी जागेवर, काच जागेवर. बिल्ले नाहीत.

"उद्या अकराला पेपरची ती बाई येणार," पुरुषोत्तमराव खुर्चीत बसत म्हणाले. पासष्ट वर्षांचा उंच माणूस एकदम आखूड दिसायला लागला होता. "फोटो काढणार होती. साठ वर्षांत माझ्या बाबांची चौकशी करायला पहिल्यांदा कुणी येतंय, सुहासिनीताई. मी बारा वर्षांचा असताना गेले ते. गावात कुणी विचारलं नाही, सरकारने विचारलं नाही. आणि आता मी तिला काय दाखवू? टाचणीची भोकं?"

पंचवीस-तीस माणसांच्या माना एकाच दिशेला वळल्या. खिडकीपाशी अवधूत नाईक उभा होता. आदल्या दिवशी फ्रेम लावतानाच तो सगळ्यांदेखत म्हणाला होता, "काका, हे आमचे आहेत. चिठ्ठीत लिहिलंय. द्यायचे होते, तुम्ही दिले नाहीत."

संध्याने पुरुषोत्तमरावांच्या हाती चहा दिला. त्यांनी बिस्किट मोडलं, न बघताच अर्धं शेजारी बसलेल्या सुहासिनीबाईंपुढे धरलं, आणि त्यांनी घेतल्यावरच उरलेलं आपल्या चहात बुडवलं. सुहासिनीबाईंनी ते कागदावर टिपून ठेवलं. मग त्या चिठ्ठी पाहायला वाकल्या, आणि वाकलेल्याच राहिल्या.

अक्षर तेच होतं. मजकूर वेगळा होता.

२

'मु. बोरना. देवळामागे घर. दारात सेवाचे झाड. नाईक म्हातारे, दात नाहीत. पाव भिजवून अर्धा आधी मला देत, मग आपण खात.'

"पुरुषोत्तमराव, चिठ्ठी बदलली की काय कुणी?"

"छे हो. ती मागची बाजू. पत्ता आहे नुसता, म्हणून आत ठेवली होती." ते उठून आले. "अरेच्चा! ही पुढे कशी आली?"

"तुम्ही लावली नाहीत?"

"मी कशाला लावू?"

म्हणजे चोराने लावली. बिल्ले चिठ्ठीलाच टोचलेले. ते काढायचे तर फ्रेमची पाठ उघडून चिठ्ठी बाहेर घेणं आलं. ती परत ठेवताना उलटी ठेवली. सुहासिनीबाईंनी हिशेब केला: मराठी वाचणारा माणूस कितीही घाईत असला तरी त्याचा डोळा अक्षरावर पडल्याशिवाय राहत नाही. 'मु. बोरना' कुठे आणि 'हे दोन बिल्ले' कुठे. ही गफलत त्याचीच होणार, ज्याला दोन्ही बाजू सारख्याच काळ्या मुंग्या दिसतात.

आणखी एक गोष्ट. काचेवर सकाळपासून शंभर बोटं उमटली होती. आता फोटोपुढची काच लख्ख होती. बिल्ल्यांच्या बाजूची तशीच, चिवड्याच्या तेलासकट.

"बोरना सापडलं का कधी?" त्यांनी विचारलं.

"इकडे यायच्या आधी साताऱ्याच्या आणि रत्नागिरीच्या पोस्टमास्तरांना पत्रं लिहून लिहून दमलो. एक बोरणे सापडलं, तिथे नाईक नाहीत. देऊळ तर प्रत्येक गावाला, आणि शेवगा प्रत्येक दारात."

"शेवगा कुठेय? 'सेवाचे' लिहिलंय."

"गडबडीत 'ग' राहिला असेल. बाबा चौथीपर्यंत शिकलेले."

"नाहीतर शेवेचं झाड असेल," सुहासिनीबाई म्हणाल्या. "शेव, पापडी, खाली चिवड्याचं आळं."

पुरुषोत्तमराव कसंनुसं हसले. सुहासिनीबाई मात्र हसल्या नाहीत. तो शब्द त्यांना कुठेतरी भेटला होता, आणि शेवग्याच्या रूपात नव्हे.

अवधूत बाहेर अंगणात, पालो वेर्देच्या वाळवंटी झाडाखाली उभा होता. चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर, चौतीसचा, मूळचा कणकवलीकडचा. त्याने आधीच पवित्रा घेतला.

"काकू, मागणारा माणूस चोरतो का? चोरायचेच असते तर मागितले नसते. गपचूप बसलो असतो."

"बरोबर. मग चिडलायस कशाला?"

"माझ्या मुलीला आता एकीने विचारलं, तुझे बाबा थीफ आहेत का. सात वर्षांची आहे ती." त्याने कॅफेटेरियाच्या दाराकडे पाहिलं. "आम्हाला काय हवं होतं हो? आजोबांची एक वस्तू. आजीने एक्क्याऐंशीपर्यंत कुंकू लावलं. 'बेपत्ता' लिहून आलंय, 'मेले' नाही, म्हणायची. बावीस वर्षांचा नवरा परत येईल म्हणून साठ वर्षांची होईपर्यंत दाराकडे बघत बसली."

"बावीस म्हणालास?"

"बावीस."

सुहासिनीबाईंनी हळूच सांगितलं, "चिठ्ठीत नाईक म्हातारे आहेत. दात नसलेले."

अवधूतने मान हलवली. मग हट्टाने म्हणाला, "कैदेत माणूस बाविसाव्या वर्षी पण म्हातारा होत असेल."

हे काही अगदीच चूक नव्हतं. सुहासिनीबाईंनी असे कागद पाहिले होते.

३

ज्ञानदा नागपूरची, विद्यापीठात इतिहासात पीएचडी करणारी, बोलताना केसांची क्लिप काढून पुन्हा लावणारी.

"मी कायले घेऊ मावशी? माझ्याकडे स्कॅन आहे ना दोन्हींचा. आणि खरं सांगू, पाटी लिहिताना मला त्या बिल्ल्यांचं काही कळलंच नव्हतं. काकांनी सांगितलं नेताजींच्या फौजेचे, मी लिहिलं."

"आणि मिस्टर नाईक?"

"चिठ्ठीत आहे ना. नाईकांचे. मग इंग्लिशमध्ये मिस्टर नाईक. दुसरं काय लिहिणार?"

"काही नाही," सुहासिनीबाई म्हणाल्या. पण 'मिस्टर' या शब्दापाशी त्यांच्या मनाची गाडी उगीचच एकदा अडखळली.

यश टेबलांवरच्या कागदी थाळ्या गोळा करत होता. तिशीचा, दातांचा डॉक्टर, इथेच जन्मलेला. त्याचं मराठी प्रेमळ होतं आणि व्याकरणाचं फारसं देणं लागत नव्हतं. फोनवर आईबाबांशी रोज बोलायचा, दर रविवारी येऊन बापाच्या बागेतलं तण काढायचा. त्याच्या कागदावर सुहासिनीबाईंनी पूर्वीच 'चांगला' असा शेरा मारून ठेवला होता.

"यश, तुला मराठी वाचता येतं का रे?"

"सॉरी आँटी. संडे स्कूलला मी सॉकर खेळायचा. क, ख, ग, मग गेम ओव्हर."

"बाबांना फार लागलंय."

"आय नो." त्याने मान खाली घातली. "पण होईल ठीक. मे बी बेटर, उद्या फोटो नाही काढला तर. आणि अवधूतदादाने नसणार घेतले. कोण घेणार? सगळ्यात खालच्या सार्जंटचे पॅचेस ते. नोबडी वॉन्ट्स दॅट."

सुहासिनीबाईंनी त्याच्या हातातल्या कागदी थाळ्या घेतल्या आणि नीट एकात एक रचल्या.

"पुरी खाल्लीस का?" त्यांनी विचारलं.

"नो टाइम, आँटी."

"तेच म्हटलं. साडेबारा ते दीड सगळे रांगेत होते. तुझी कागदी थाळी मात्र कोरी, आणि तुझ्या आजोबांची काच पुसलेली." त्या दाराकडे निघाल्या. "चल, मला तुझी गाडी दाखव."

"माझी गाडी? का?"

"कारण सार्जंट हा शब्द आज या खोलीत तुझ्याशिवाय कुणीही उच्चारलेला नाही."

४

पार्किंगमधल्या दुपारच्या उन्हात यशने गाडीच्या कप्प्यातून दातांच्या दोऱ्याची एक मोठी डबी काढली. आत कापसावर दोन्ही बिल्ले ठेवलेले. पेशंटचा दात ठेवावा तसे.

"मी चोरलं नाही," तो म्हणाला. "मी लपवलं."

"कुणापासून?"

उत्तरादाखल त्याने एक घडी केलेला कागद उलगडला. इंटरनेटवरून छापलेला तक्ता: जर्मनीच्या त्या काळ्या गणवेशवाल्या, छळछावण्या चालवणाऱ्या एसएस दलाचे हुद्दे, खालून वर. साधा शिपाई, त्याची कॉलर कोरी. त्याच्या वरच्याच्या बाहीवर एक चांदणी. मग कॉलरवर एक पट्टी, मग दोन पट्ट्या. मग काळ्या कापडावर पहिली चांदणी.

"अनटर-शार-फ्युरर," यश अडखळत वाचू लागला.

"उंट आणि कशाला आला मध्येच?"

"जोक नाही, आँटी. म्हणजे ज्युनियर सार्जंट. एसएसमध्ये." त्याने तक्त्यावर बोट ठेवलं. "मी वाचलं. नेताजींची जर्मनीतली फौज होती ना, चव्वेचाळीसमध्ये ती एसएसच्या खाली दिली. सो आजोबा... यू सी? बाबा सगळ्यांना चाळीस वर्षं सांगतात, माझे वडील हिरो. ऑफिसमध्ये, माझ्या ग्रॅज्युएशनला, देवळात. उद्या तो फोटो पेपरमध्ये आला असता. गावातला कोणीतरी बघेल, फोन करेल, हे एसएसचं आहे म्हणेल. बाबा मरतील, आँटी. खरंच मरतील."

सुहासिनीबाईंनी मनातल्या पहिल्या मांडणीवर काट मारली. यशला काहीच मिळणार नाही, असं त्यांनी धरलं होतं. त्याला बाप वाचवायचा होता. असल्या मिळकतीसाठी माणसं याहून वाईट गोष्टी करतात.

"आणि अवधूत?"

"वाटलं, मिटेल दोन दिवसांत."

"त्याच्या पोरीला शाळेतल्या बाकावर चोराची मुलगी म्हणून बसवल्यावर मिटेल?"

यशने डबी पुढे केली. त्याचे कान लाल झाले होते.

सुहासिनीबाईंनी बिल्ले तळहातावर घेतले. मागच्या बाजूला तपकिरी लोकरीचे धागे चिकटलेले, दोन्हींवर सारखेच, एकाच कोटाचे. शिवण जाड, रफू करायच्या दोऱ्याची, घरगुती हातची. टाके उसवलेले नव्हते, पात्याने सपासप कापलेले होते. मग त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून तक्ता नाकापाशी नेला.

"या तुझ्या उंटाची चांदणी कुठल्या बाजूला आहे?"

"लेफ्ट कॉलर."

"आणि उजवीकडे?"

"त्या दोन विजांसारख्या खुणा. एसएसची साइन."

"मग या बिल्ल्यांतली वीज कुठे गेली?"

यशने बिल्ल्यांकडे पाहिलं. एकावर चांदणी. दुसऱ्यावर चांदणी.

"दोघा माणसांचे दोन लेफ्ट?" तो पुटपुटला.

"एकाच कोटाचे, एकाच दोऱ्याने शिवलेले? असा कोट शिवणाऱ्याला डावं-उजवं कळत नव्हतं म्हणायचं." त्यांचं बोट तक्त्याच्या शिडीवरून खालून वर सरकत गेलं. शिपाई, त्याचा वरचा, त्याच्या वरचा. बत्तीस वर्षं हीच शिडी त्यांनी दुसऱ्या नावांनी लिहिली होती. शिपाई, लान्स नाईक...

बोट थांबलं. सुहासिनीबाई एकाएकी हसायलाच लागल्या, इतक्या की यश घाबरला.

"आँटी? आर यू ओके?"

"ज्ञानदाला फोन लाव," त्या म्हणाल्या. "तिला म्हणावं, त्याच काळातली दुसरी एखादी जर्मन फौज शोध. कॉलर काळी, चांदणी दोन्हीकडे एकेक. आणि माणसं म्हातारी."

५

रविवारी सकाळी दहाला संगीताच्या वर्गात पाचच माणसं होती. पुरुषोत्तमराव कोट घालून आले होते, दाखवायला काही नसतानाही.

यशने काही विचारायची वाट पाहिली नाही. डबी टेबलावर ठेवली, आधी बापाकडे आणि मग अवधूतकडे वळून म्हणाला, "मी घेतले. दादा, सॉरी. मी संध्याकाळी स्टेजवर सगळ्यांसमोर सांगेन, तुझ्या मुलीसमोर. मराठीत." आणि का घेतले, तेही त्याने तक्ता समोर ठेवून सांगितलं.

पुरुषोत्तमराव तक्त्याकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"घाबरू नका, ते हे नव्हेत," सुहासिनीबाई घाईने म्हणाल्या. "ज्ञानदा, सांग."

ज्ञानदाने क्लिप काढून लावली. "फोल्क्सश्टुर्म. म्हणजे लोकांची फौज. चव्वेचाळीसच्या शेवटी जर्मनीत माणसंच उरली नव्हती, तेव्हा सोळा ते साठ वयाचे उरलेसुरले पुरुष धरून उभी केली. शाळकरी पोरं आणि आजोबा. गणवेश नव्हते, घरच्याच कोटावर बिल्ले शिवायचे. काळे, दोन्ही कॉलरना सारखे. एक चांदणी म्हणजे ग्रुपेनफ्युरर. गंमत म्हणजे, हेच नाव त्या एसएसमध्ये जनरलचं. आणि या फौजेत पुढाऱ्यांतला सगळ्यात खालचा. आठ-दहा म्हाताऱ्यांचा म्होरक्या. युद्धकैद्यांवर पहाराही शेवटी यांच्याकडेच असायचा."

"अवधूत," सुहासिनीबाई म्हणाल्या, "तुझ्या घराण्याचा पलटणीशी संबंध. दहा शिपायांच्या तुकडीच्या म्होरक्याला आपल्याकडे काय म्हणायचे?"

"नाईक," अवधूत म्हणाला. आपण काय बोललो ते त्याला बोलून झाल्यावर कळलं.

तो खुर्ची ओढून बसला.

"इंग्रजीत आडनाव असतं तर पहिलं अक्षर मोठं आलं असतं आणि हुद्दा असता तर धाकटं," सुहासिनीबाई पुढे म्हणाल्या. "आपल्या लिपीत सगळी अक्षरं एकाच उंचीची. एकनाथरावांनी लिहिलं नाईक, आपण वाचलं नाईक. मराठी माणसाला नाईक म्हटलं की आधी ओळखीतलं घर आठवतं. पण पलटणीतला नाईक म्हातारा नसतो हो. तिशी-पस्तिशीला पेन्शनीत जातो. माझ्या हातून गेलेत हजारो. दात पडलेला नाईक मी बत्तीस वर्षांत एक पाहिला नाही. तिथेच कालपासून मला खटकत होतं."

"आणि बोरना?" पुरुषोत्तमरावांनी विचारलं.

"लाइपझिगच्या जवळ आहे, काका," ज्ञानदा हळू म्हणाली. "नकाशात बघितलं मी."

"देवळामागे..."

"चर्च. त्यांना दुसरा कुठला शब्द होता?" सुहासिनीबाई म्हणाल्या. "आणि सेव म्हणजे सफरचंद. पलटणीच्या हिंदुस्तानीत सेवच म्हणतात. काश्मिरातून आमच्या शिपायांची पत्रं यायची, 'येथे सेव फार स्वस्त.' काल रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवलं. म्हटलं, बघा, इतकी वर्षं तुम्ही साताऱ्यात शेवगा शोधताय."

यशने विचारलं, "पण त्याने बॅजेस आजोबांना का दिले?"

"ते चिठ्ठीत नाही. जे नाही ते मी सांगणार नाही. एवढं दिसतं, की ते पात्याने घाईघाईत कापलेत. पलीकडून अमेरिकन फौज येत असेल, तर कॉलरवर चांदणी ठेवून कोण उभं राहील? आणि मुलीला ओळखीची खूण म्हणून पाठवायला म्हाताऱ्याजवळ दुसरं काय होतं? शिवलेही तिनेच असतील."

पुरुषोत्तमरावांनी आता तो प्रश्न विचारला, ज्याची सगळे वाट बघत होते आणि जो कुणालाच नको होता.

"म्हणजे बाबा नेताजींच्या फौजेत नव्हते."

"चिठ्ठीत तसं काही नाही. पण फौजेतल्या शिपायाला अर्धा पाव भरवायला पहारेकरी लागत नाही, पुरुषोत्तमराव. ते कैदी होते. अखेरपर्यंत."

"त्यांनी स्वतः कधीच म्हटलं नव्हतं तसं," पुरुषोत्तमराव म्हणाले. "गावाने म्हटलं. जर्मनीत होता, म्हणजे नेताजींकडेच असणार. बाबा गप्प बसायचे. मला वाटायचं, मोठी माणसं बढाई मारत नाहीत. मग मी मारली." त्यांनी चिठ्ठी हातात घेतली. "हजारदा वाचलीय ही बाजू. पत्ता म्हणून. शेवटची ओळ वाचलीच नाही कधी."

शेवटची ओळ त्यांनी आता मोठ्याने वाचली. पाव भिजवून अर्धा आधी मला देत, मग आपण खात.

आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून यश धावत जवळ गेला.

"संध्याकाळी ओसरीवर बसायचे," पुरुषोत्तमराव म्हणाले. "चहाचा कप पुढ्यात. पाव असला तर पाव, नाहीतर शिळी भाकरी. चहात बुडवायची, अर्धी माझ्या हातावर, मग स्वतः. आई ओरडायची, तुम्ही खा आधी, पोरगा खाऊन बसलाय. ऐकायचे नाहीत. मला वाटायचं, आमच्याकडची रीत आहे. जगदाळ्यांची." ते हसले, डोळे पुसायचं विसरून. "ही त्या जर्मन म्हाताऱ्याची रीत! मी पासष्ट वर्षांचा झालो, अजून पाळतोय."

"मीपण," यश म्हणाला. "आय थॉट एव्हरीबडी डझ दॅट."

दारावर टकटक झाली. अकराला पाच कमी होते. गळ्यात कॅमेरा अडकवलेली एक तरुणी आत डोकावली आणि तिने हसून विचारलं, फ्रीडम फायटरचे चिरंजीव कोण?

पुरुषोत्तमराव उठले, कोटाचं बटण लावलं. 'हो' म्हटलं असतं तर त्या बाईला काय कळणार होतं? चाळीस वर्षांची गोष्ट आणखी चाळीस वर्षं चालली असती.

"ते नाही मी," ते इंग्रजीत म्हणाले. "माझे वडील युद्धकैदी होते. त्यांना कुणीतरी अर्धा पाव द्यायचा. त्याचं नाव आम्हाला माहीत नाही. तुमच्या पेपरमुळे ते कळलं तर बघा." मग मराठीत, खांद्यावरून मागे वळून, "ज्ञानदा, पाटी बदल गं. मिस्टर खोड. आणि एन बारका कर."

६

त्या दिवशी संध्याकाळी यशने स्टेजवर मराठीत माफी मागितली. 'मी चूक केली' ऐवजी 'मी चूक केला' म्हणाला, आणि कुणीही हसलं नाही. अवधूतची मुलगी पहिल्या रांगेत बसून पाय हलवत ऐकत होती.

बोरनाच्या चर्चला पत्र गेलं. ज्ञानदाने जर्मन येणाऱ्या एका सहाध्याय्याकडून लिहून घेतलं: पंचेचाळीसच्या वसंतात दहा म्हाताऱ्यांचा म्होरक्या असलेला, दात नसलेला माणूस, घर चर्चच्या मागे, दारात सफरचंद, मुलगी होती. डिसेंबरात उत्तर आलं. मागची आळी बॉम्बमध्ये गेली होती, सफरचंदाची झाडं फार होती, दात नसलेलेही फार होते. पण तुमचं पत्र चर्चच्या फळ्यावर लावलं आहे, आणि कुणी ओळखलं तर कळवू.

जानेवारीत सुहासिनीबाई परत निघाल्या. विमानतळावर सोडायला जगदाळे बापलेक आले आणि आश्चर्य म्हणजे अवधूतही आला.

"काकू, बेळगावला गेलात की..." तो म्हणाला आणि थांबला.

"शिपाई नाईक, वय बावीस, बेपत्ता. कागद काढून बघते. आशा लावू नकोस, आजीसारखी."

"नाही लावत," अवधूत म्हणाला, आणि तो लावणार हे दोघांनाही ठाऊक होतं.

कॉफीच्या ठेल्यापाशी पुरुषोत्तमरावांनी बिस्किट मोडलं. अर्धं अवधूतपुढे धरलं. अवधूतने ते घेतलं, खाल्लं, आणि मगच काकांनी आपलं बुडवलं.

विमान वर गेल्यावर सुहासिनीबाईंनी डोळे मिटले आणि मनातला कागद शेवटचा भरला. यशने भरली ती शरम, रोख आणि चारचौघांत. ज्ञानदाने एक मोठं अक्षर. अवधूतने नुकतेच मिळालेले आजोबा दुसऱ्यांदा गमावले. खरं तर त्याचा काही दोष नसताना. पुरुषोत्तमरावांनी चाळीस वर्षांचा नायक देऊन एक बाप घेतला, आणि घासाघीस केली नाही. एकनाथ जगदाळ्यांनी रोज संध्याकाळी ओसरीवर अर्धी भाकरी भरली, आणि तरीही लिहून ठेवलं, माझ्याने झाले नाही.

पण या सगळ्यांच्या आधी, स्वतःला भूक असताना, कुणी मागितलेलं नसताना, बोरनाच्या एका बोळक्या नाइकाने अर्धा पाव भरला होता. त्याच्या नावाचा रकाना कोरा ठेवून सुहासिनीबाईंनी कागद मिटला.